टिंक्टोरियस, म्हणजे रंगाऱ्याचा

झाडांना आडनावं असतात हे मला म्हातारपणी कळलं. आणि कळलं तेही चुकीचंच कळलं, ते पुढं सांगते.

आमच्या ह्यांना दसऱ्याच्या आसपास अर्धांगाचा झटका आला. देवाच्या कृपेनं तोंड सरळ झालं, बोलणं जागेवर आलं, पायही हळूहळू सुधारला. उजवा हात तेवढा मागं राहिला. बोटं अर्धी वळलेली, धरायला जावं तर वस्तू निसटते. व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी रबरी चेंडू दिला आणि स्पष्ट सांगितलं, "आजोबा, आत्ता हाताला शिकवलं तर शिकेल. तसाच ठेवला तर आखडून बसेल." ह्यांनी मान डोलावली, बाई गेल्यावर चेंडू पलंगाखाली सारला. म्हणाले, "मी काय पाळण्यातलं पोर आहे, चेंडू खेळायला?"

पण माझं दुःख चेंडूचं नव्हतं, जेवणाचं होतं. उजव्या हातानं जेवता येत नाही आणि डाव्या हातानं चारचौघांत जेवायचं नाही, म्हणून ह्यांनी ताट आतल्या खोलीत मागवायला सुरुवात केली. दार लोटून, भिंतीकडं तोंड करून, डाव्या हातात चमचा धरून जेवायचे. मुलगा, सून, नात आणि मी बाहेर बसायचो. आतून ताटावर चमचा वाजला की माझा घास तोंडातच फिरायचा. सगळ्या घराला पंगतीत बसवून, शेवटचा घास होईस्तोवर कुणाला उठू न देणारा माणूस हा! मी देवाजवळ दुसरं काही मागत नव्हते. ह्यांना परत आमच्यात जेवायला बसव, एवढंच.

पायासाठी रोज चालायला सांगितलं होतं. आमच्या गल्लीत चालायचं म्हणजे मोटारसायकली चुकवायच्या. नात कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकते. तिच्या कॉलेजच्या मागं औषधी झाडांची छोटी बाग आहे. सपाट वाट, सावली, बसायला बाक. तिनं विचारून परवानगी काढली आणि आम्ही सकाळी तिथं जायला लागलो. हे चार पावलं चालायचे की बाकावर बसायचे, ते काही न बोलता. मला गप्प बसणं कधी जमलंय? मग मी झाडांवरच्या पत्र्याच्या पाट्या वाचायचे. वर मराठी नाव, खाली इंग्रजी, त्याखाली तिरक्या अक्षरांत आणखी एक लांबलचक नाव. सातवीपर्यंतच्या शाळेनंतर जे काही शिकले ते असंच, पाट्या, पुड्यांचे कागद आणि नातीची पुस्तकं वाचून. तिरकी अक्षरंही जुळवून जुळवून वाचली.

आंब्याच्या पाटीवर शेवटी 'इंडिका'. कडुनिंबावर 'इंडिका'. चिंचेवर 'इंडिका'. मी नातीला म्हटलं, "ह्या इंडिका घराण्याचा गोतावळा लई मोठा दिसतोय गं. आंबा, चिंच, निंब सगळे एकाच आडनावाचे?"

ती इतकी हसली की माळ्यानं वळून बघितलं. "अव्वा, उलटं!" आमच्याकडं आजीला अव्वा म्हणतात, आजोबांना ताता, घरात आम्ही तेलुगू बोलतो, विणकराचं घर आहे. "आडनाव म्हणायचंच तर पहिला शब्द. दुसरा नुसतं वर्णन करतो, विशेषण आहे ते. इंडिका म्हणजे भारतातली. ही लॅटिन भाषा."

विशेषण म्हटल्यावर माझे कान टवकारले, कारण ह्या विशेषणांनी मला लहानपणी लई रडवलंय. तेलुगूत चांगल्याला 'मंची' म्हणायचं. मुलगा मंची, मुलगी मंची, पाणीही मंची. शब्द आपला जागचा हलत नाही. ते घेऊन मी मराठी शाळेत गेले आणि पहिल्याच दिवशी उभी राहून सांगितलं, "माझा आई चांगला आहे." वर्ग फुटला हसून. बाईंनी जवळ घेऊन शिकवलं, चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पोर. ते घटवून घरी गेले आणि आईला म्हटलं, हा आंबा आंबटा आहे, ही चिंच आंबटी. दुसऱ्या दिवशी कळलं की आंबट कुणासाठीच बदलत नाही. आता बोला!

तर लॅटिनचंही तेच निघालं. तिथंही पुरुषी, बायकी आणि नपुंसक असे तीन वर्ग. इंडिकस, इंडिका, इंडिकम. मला अगदी माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. माहेरचं कसलं, त्या मराठी शाळेतलंच म्हणा. मग मी नातीला पेचात धरलं. चिंचेचं पहिलं नाव 'टॅमॅरिंडस', ते तर पुरुषी दिसतंय, मग मागं 'इंडिका' कसं? माझा आई चांगला, तसंच झालं की हे! ती म्हणाली, "विचारून सांगते." आणि खरंच कॉलेजातल्या बाईंना विचारून आली. त्या जुन्या लोकांच्या भाषेत झाडं बहुतेक बायकाच धरायचे, नाव कसंही असो. मी म्हटलं, शहाणे होते.

असं करत करत आम्ही बागेच्या कोपऱ्यात पोचलो. तिथं रंग देणारी झाडं लावली होती. नीळ होती, तिच्या पाटीवर इंडिगोफेरा टिंक्टोरिया. शेजारी काळा कुडा, राइटिया टिंक्टोरिया. आणि पुढच्या वाफ्यात, तुम्हाला खरं वाटणार नाही, आपली करडई! काटेरी, पिवळ्या-केशरी गोंड्यांची. पाटीवर कार्थामस टिंक्टोरियस.

"ह्या दोघी बहिणी आणि हा भाऊ वाटतं," मी म्हटलं.

"हो. टिंक्टोरियस म्हणजे रंगाऱ्याचा, रंगकामाचा. आणि बायकी झालं की टिंक्टोरिया."

"करडईला कसला आलाय रंग?" मागून आवाज आला. आम्ही दोघी वळलो. बाकावरून हे बोलले होते! कुणी काही विचारलं नसताना, आपण होऊन. "तेल निघतं तिचं. तेल आणि पेंड."

नात म्हणाली, "ताता, पाटीवर लिहिलंय. रंगाऱ्याचं झाड. म्हणजे तुमचंच."

"माझं कसं? उभा जन्म माझा डाईंगमध्ये गेला. पूड डब्यातून यायची. करडई घेऊन आलेला एक माणूस मला दाखव. त्या पाटीवाल्याला म्हणावं, एकदा सूत रंगवून बघ, मग पाट्या लिही."

हे खरं रंगारी. टॉवेल-चादरींच्या सुताला रंग द्यायच्या खात्यात कामाला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. झटक्यानंतर कशावरच मत देत नव्हते, त्यांना त्या एका शब्दाचा राग आला होता. मला तो राग इतका गोड वाटला म्हणून सांगू! घरी जाईपर्यंत कुरकुर चालली होती.

मी शब्दाचा पिच्छा पुरवला. नातीच्या मोबाइलवर, तिच्या पुस्तकांत, जिथं सापडेल तिथं. मुळात 'टिंगेरे' असं क्रियापद, म्हणजे ओलं करणं, बुडवणं. कापड रंगात बुडवतात म्हणून पुढं रंगवणं. बुडवून रंगवणारा तो 'टिंक्टोर', रंगारी. रंगाऱ्याचं ते टिंक्टोरियस. आणि त्याच कुळातला एक शब्द तर मी गुडघ्यावर घेऊन हिंडलेय! शाळेत पडलो-धडपडलो की बाई कपाटातली तांबडी बाटली काढायच्या आणि आम्ही बोंब ठोकायचो, टिंचर नको, टिंचर नको. ते टिंचर ह्याच घरातलं. औषध स्पिरिटात बुडवून उतरवलेला अर्क. पहिला शब्द, कार्थामस, तो अरबीतून आलाय म्हणतात, आणि त्याचाही अर्थ रंगाशीच जातो. म्हणजे पुरं नाव काय झालं? रंगवणारा रंगाऱ्याचा. आपल्या पिवळ्या पीतांबरासारखंच.

हे सगळं मी जेवताना मोठ्यानं सांगायचे, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं. एकदा दाराआडून आलंच, "नावात दोन-दोनदा रंग घातला म्हणून फुलात येत नसतो."

"मग बघू या की रंगवून," मी म्हटलं.

आतून नुसता चमचा वाजत राहिला. पण नाहीही म्हणाले नाहीत.

कुंभारी गावाच्या पलीकडून एक भाजीवाली आमच्या गल्लीत येते, तिच्या शेतात करडई असते. तिला विचारलं तर म्हणाली, "भाजीचं दिवस गेलं की मावशी. आता काटं आल्यात."

"भाजी नको गं. फुलं पाहिजेत, नुसत्या पाकळ्या."

"काय करता वो त्येचं?"

"रंग."

"रंगपंचमी लांब हाय की अजून!" पण आठवड्यात पिशवी भरून घेऊन आली. केशराच्या काड्यांसारख्या सुकलेल्या लालसर पाकळ्या. पहाटे दवात काटं मऊ असतात, तेव्हाच तोडायचं, नाहीतर हात सोलतात म्हणाली. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, तिकडं कानडीत कुसुबी म्हणतात. आम्ही तेलुगूत कुसुम म्हणतो. म्हणजे सगळ्यांनी तिला आपापल्या घरात नाव दिलंय.

पहिल्या खेपेला कारभार ह्यांनी हातात घेतला. खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढली आणि डाव्या हातानं हुकूम सुरू. उजवा मांडीवर, टॉवेलखाली. "पातेलं मोठं घे. पाणी अजून. मीठ टाक. आता चांगली उकळी फुटू दे, खळखळ." सोलापूरचा डाईंगवाला तो, उकळीशिवाय रंग ही गोष्ट त्याच्या डोक्यातच बसत नाही. पाणी पिवळंधमक झालं. हे खूश. मी पांढरा पंचा बुडवला, पंचा पिवळा झाला. सुनेनं फोटो काढला. मग हे म्हणाले, "नळाखाली धर." धरला, आणि सगळं पिवळं मोरीतून वाहून गेलं. हातात राहिला कळकट पांढरा पंचा.

"हा बघा तुमचा टिंक्टोरियस," म्हणाले. उठले, आत गेले, दार लोटलं. त्या दिवशी ताटही अर्धं परत आलं. मला वाटलं, झालं, होतं तेवढंही मी घालवलं. जिथं तो माणूस कधी हरला नव्हता तिथंच नेऊन हरवला.

संध्याकाळी नातीनं कुठं कुठं वाचून काढलं. करडईत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात लगेच सुटतो, पण टिकत नाही, तो धुऊन टाकून द्यायचा असतो. खरा तांबडा आत दडलेला असतो आणि त्याला उष्णता सोसत नाही. उकळलं की गेला.

आतून आवाज, "थंड पाण्यात रंग? मग आम्ही इतकी वर्षं बॉयलर काय चहाला पेटवत होतो?"

"तुमची पूड वेगळी, ताता. हे फूल आहे."

"फूल आहे तर देवाला वाहा."

भाजीवालीनं पुढच्या खेपेला पाकळ्या आणल्या तेव्हा मी ह्यांना विचारलंच नाही. पातळ फडक्यात पुरचुंडी बांधली, मागच्या मोरीवर घमेल्यात थंड पाणी घेतलं आणि बसले मळत. मळायचं, पिळायचं, पिवळं पाणी ओतून द्यायचं, नवं घ्यायचं. पाणी नितळ येईस्तोवर हेच. माझी बोटं सांधेदुखीची. दोन पाण्यांत दम निघाला. पुरचुंडी हातातून सटकत होती, पाणी धड पिळलं जात नव्हतं.

"अगं, कणीक मळतेस का?"

हे दारात उभे. कधी येऊन उभे राहिले कोण जाणे. मी म्हटलं, "मग काय करू? एवढंच येतंय मला." आता सून म्हणते, अत्तया, तुम्ही मुद्दाम वेंधळेपणा केलात. नाही हो, खरंच येत नव्हतं. कपडे पिळायला मशीन आल्यापासून माझ्या मनगटाची सवयच गेलीय.

"सुताची लडी अशी पिळली असतीस तर पहिल्या दिवशी घरी पाठवली असती तुला. सरक."

स्टूल ओढून बसले, उजवा हात नेहमीसारखा मांडीवर टॉवेलखाली. डाव्या हातानं पुरचुंडी उचलली आणि दाबली. पण पिळायला दोन हात लागतात, एक टोक धरून ठेवायला आणि एक पीळ द्यायला. मी हात पुढं केला नाही, साडीत घट्ट धरून ठेवला. त्यांनी एक क्षण पुरचुंडीकडं बघितलं, आणि टॉवेलखालून उजवा हात काढून टोकावर ठेवला. बोटं वळली, सुटली. पुरचुंडी पाण्यात पडली, पिवळे शिंतोडे माझ्या तोंडावर. एक तेलुगू शिवी, ती लिहीत नाही. परत उचलली. परत पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ते टोक बोटांत अडकवून अंगठा वरून दाबला, डाव्यानं सावकाश पीळ दिला, आणि बारीक पिवळी धार लागली.

"अशी," म्हणाले, माझ्याकडं न बघता. "पाणी बदल."

मी पाणी बदलत राहिले. पिवळं पाणी सगळं कढीपत्त्याच्या बुडात. मध्ये नात आली, बघितलं, आणि शहाणी पोर, आल्या पावली परत गेली. पाणी नितळ झालं तेव्हा ह्यांच्या कपाळावर घाम होता.

मग पापडखार, तांबडा सुटायला खार लागतो असं नातीनं वाचलं होतं. पापडखाराच्या पाण्यात त्याच पाकळ्या मळल्या तर गढूळ, काळ्या चहासारखं पाणी उतरलं. हे नाक मुरडायला लागले. नातीनं त्यात लिंबू पिळलं. भसाभसा फेस आला, आणि फेसाखाली ते गढूळ पाणी आमच्या डोळ्यांदेखत तांबडं झालं. शेगडी नाही, उकळी नाही. हे वाकून बघत राहिले. पंचा त्यांनीच बुडवला, हलवत ठेवला, काढला, नळाखाली धरला. रंग राहिला. कसला गुलाबी म्हणू? पहाटेचं आभाळ असतं तसा.

पंचा उजेडात धरून त्यांनी खात्यात बघायचे तसा एक डोळा मिटून बघितला. मला वाटलं, आता म्हणतील, जिंकलीस. म्हणाले, "कच्चा आहे. उन्हात उडणार."

आणि उडाला की हो! सोलापूरचं ऊन ते. दोरीवर आठवड्याभरात पंचा फिकट पडला. मी हिरमुसले. हे मात्र मला इतक्या महिन्यांत एवढे खूश दिसले नव्हते. "मी म्हटलं नव्हतं? कच्च्या रंगाचं असंच असतं. परत परत द्यावा लागतो. ती भाजीवाली कधी येतीय?"

मग ती करडईची फुलं संपेपर्यंत येत राहिली. पंचा झाला, नातीची ओढणी झाली, सुनेच्या उशांचे अभ्रे झाले. कधी लिंबू जास्त, कधी खार कमी, त्यावर भांडणं. पुरचुंडी कमी वेळा पडायला लागली. मग पीळ उजव्यानं द्यायचा आणि डाव्यानं धरायचं, असं उलटं करून बघायला लागले. व्यायामाच्या बाई आल्या, ह्यांची बोटं उघडून बघितली तर रेषांमध्ये गुलाबी रंग. म्हणाल्या, "आजोबा, बोटं चांगली वळताहेत. चेंडू दाबताय वाटतं?"

"चेंडू-बिंडू काही नाही," हे म्हणाले. "काम चालू आहे."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "टिंक्टोरियस." बाईंना वाटलं, नवीन औषध चालू केलंय. लिहूनही घ्यायला निघाल्या होत्या, मग नातीनं सगळं सांगितलं.

एका रविवारी सून भाकरी थापत होती. ताटं मांडली, ह्यांचं ताट घेऊन मी आत जायला निघाले तर हे बाहेर आले. हात धुऊन, नेहमीच्या त्यांच्या जागेवर, भिंतीला टेकून बसले. मी ताट पुढं ठेवलं, चमचा ठेवू की नको कळेना, हातातच धरून बसले. मुलगा मोबाइलमध्ये बघत होता, त्यानं तो पालथा ठेवला.

ह्यांनी उजवा हात ताटावर नेला. अंगठा आणि दोन बोटं. भाकरीचा तुकडा पहिल्यांदा मोडला नाही, डाव्यानं दाबून धरल्यावर मोडला. आमटीत बुडवला. तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मी आमटी मनगटावरून कोपराकडं चालली होती. नात काहीतरी बोलणार होती, सुनेनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. घास तोंडात गेला. चावला. गिळला. परत हात ताटाकडं. दुसरा तुकडा मोडायला पहिल्याएवढा वेळ नाही लागला.

मग मान वर करून म्हणाले, "सगळे माझ्याकडं काय बघताय? आपापल्या ताटात बघा की."

आम्ही बघितलं. आमटी जरा खारट झाली होती. तरी शेवटचा घास होईस्तोवर कुणी उठलं नाही.